सरदूना आधी परत येते

सफाक्स, ९ जानेवारी

उल्फा,

फोनवर तू मला बंद केलंस. बाकी सगळीकडेही केलंस. पण पोस्टमनला अजून कोणी बंद करू शकलेलं नाही, आणि तुझा ब्रसेल्सचा पत्ता तुझ्या हयातमावशीने मला आपणहून दिला. (मागितला होता. बरेचदा. शेवटी ती म्हणाली, "घे बाबा, पण माझ्या दारातून ऊठ.")

हे पत्र कामाचं आहे, तेव्हा फाडायच्या आधी वाच. सरदूनाचं पाचवं पुस्तक लिहून झालं. शेवटचं. दहा प्रकरणं. पहिल्या प्रकरणाची चित्रं तू उन्हाळ्यातच काढून ठेवली होतीस, ती माझ्याकडे आहेत, नीट आहेत, त्यांवर कॉफी सांडलेली नाही. बाकीच्या नऊ प्रकरणांची हवी आहेत. तुहामीकाकांनी छापखान्यात मार्चमध्ये जागा धरून ठेवली आहे. एप्रिलमध्ये पुस्तकांचा बाजार भरतो. त्याआधी केरकेना बेटावर तुझ्या मावशीच्या वर्गात पहिलं वाचन, नेहमीसारखं. ती पोरं वर्षभर थांबली आहेत. मी थांबलोय असं मी म्हटलेलं नाही.

परवा केरकेनाच्या फेरीबोटीवर गेलो होतो, मासे आणायला. मासे सफाक्सच्या बाजारातही मिळतात हे मला माहीत आहे, उगाच लिहू नकोस. वरच्या डेकवर आपल्या बाकावर एक जाडा माणूस झोपला होता. मी त्याच्या पायाशी बसलो आणि मला तो बोकड आठवला. आपण दोघं पहिल्या वर्षाला होतो, तू चित्रकलेला, मी इंजिनिअरिंगला. तू मावशीकडे चालली होतीस आणि मी कुठेच चाललो नव्हतो, तू चढलीस म्हणून चढलो होतो. कोणाचा तरी बोकड दोरीतून सुटला, तुझ्या मांडीवरचा चित्राचा कागद त्याने ओढला आणि आपल्या शाळेच्या हेडमास्तरांसारखी दाढी हलवत शांतपणे चावून खाल्ला. मी मालकाशी भांडायला उठलो. तू हसत होतीस. इतकी, की उचकी लागली. उचकीतच म्हणालीस, "ह्याचं नाव हेडमास्तर!"

केरकेना येईपर्यंत हेडमास्तरला मालकीण मिळाली होती. नऊ वर्षांची, कप्तान व्हायचं वेड घेतलेली, पोहता न येणारी सरदूना. नाव मी ठेवलं, दातातली फट तू काढलीस.

तर, नऊ प्रकरणं. लवकर.

शिहाब

ता. क. तू गेलीस त्या दिवशी मी विमानतळावर आलो नव्हतो. तुला वाटत असेल आलो असेन. नव्हतो.


सफाक्स, ३० जानेवारी

उल्फा,

मी तुला भलं लांब पत्र लिहिलं आणि तू मावशीला कार्ड पाठवलंस! तेही एका ओळीचं: "शिहाबला सांग, बोट वळवू नकोस, मग चित्रं काढते." मावशीने फोनवर वाचून दाखवलं आणि वर विचारलं, "कुठली बोट रे? तू बोट घेतलीस की काय?"

नाही. वळवणार. सरदूना परत येणार.

सप्टेंबरात कॅफेत आपलं भांडण झालं तेव्हा तू म्हणालीस, "चार पुस्तकं ती कप्तान व्हायचं म्हणते आणि पाचव्यात बेटाला चक्कर मारून घरी? मग ती कप्तान कसली, ती फेरीबोट!" शेजारच्या टेबलावरचे म्हातारे हसले. मी त्यांना काय म्हणालो ते आता लिहीत नाही. पण पोरांच्या पुस्तकाचा नियम आहे, शेवटी सगळे घरी येतात. हरवलेलं कोकरू येतं, मांजर येतं, चोरसुद्धा येतो आणि चोरलेलं परत ठेवतो. आठ-नऊ वर्षांच्या पोराला तुम्ही पुस्तकभर समुद्रात लोळवा, शार्क दाखवा, डोक्यावर माशांचा टोपला पाडा, पण शेवटच्या पानावर त्याला गरम जेवण द्यावं लागतं. हे मी तुला सांगतोय की तुझ्याच तोंडून ऐकलेलं आहे, आता आठवत नाही.

एवढं नक्की आठवतं की दुसरा नियम तुझा. पानागणिक कोणीतरी पडलं पाहिजे आणि प्रकरण संपताना कोणीतरी लटकलं पाहिजे. दुसऱ्या पुस्तकात हेडमास्तरचं डोकं ऑक्टोपस धरायच्या मडक्यात अडकतं, आणि आत आधीपासून ऑक्टोपस बसलेला असतो. ते मी वर्गात वाचलं तेव्हा मागच्या बाकावरचा जाडू हसून हसून खरोखरच खाली पडला आणि मावशी ओरडली, "पुस्तकातले पडले तेवढे पुरेत!" तू दाराशी उभी होतीस. तुझ्या ओढणीला निळा रंग लागला होता. मी त्या दिवशी ठरवलं की स्थापत्याची परीक्षा गेली खड्ड्यात.

तसं बाबांना मी वेगळं सांगितलं होतं. त्यांना वाटतं प्राध्यापकांशी भांडून आलो. तेही खोटं नाही. पुलाच्या आकृतीखाली मी बोकड काढला होता, त्यांनी विचारलं, "हा भार किती किलोचा?" वर्ग हसला. मी दप्तर तिथेच टाकून निघालो, ते आजही तिथेच आहे. आता बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "पोरगा इंजिनिअर होणार होता. सध्या बोकड लिहितो."

बोट वळणारच. चित्रं पाठव.

शिहाब


सफाक्स, २२ फेब्रुवारी

उल्फा,

तुझ्यावाचून माझं अडलं नाही हे कळवण्यासाठी लिहितोय. चित्रं वजदी काढतोय. माझा मामेभाऊ, ऑलिव्ह तेलाच्या डब्यांवरची लेबलं करतो तो. एका हाताने सिगारेट आणि एका हाताने समुद्र काढतो. समुद्र बरा आहे.

बोकडाचं मात्र विचारू नकोस.

"हा कुत्रा आहे," मी म्हटलं.

"बोकड आहे. शिंगं दिसत नाहीत?"

"शिंगं लावलेला कुत्रा आहे! तू आयुष्यात बोकड पाहिलायस का?"

"दर बकरी ईदला पाहतो."

"ताटात! जिवंत पाहिलायस का, गाढवा?"

"मग तुझ्या उल्फालाच सांग की काढायला! का, ती उचलत नाही वाटतं फोन?"

मी त्याची शाई सांडली नाही. शाई आपली आपण सांडली. मामी आली, तिने दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला आणि वजदीची बाजू घेतली. म्हणून नऊही प्रकरणांत कुत्राच आहे. त्याच्यासारखा भित्रा चेहरा हेडमास्तरने जन्मात केला नसेल. तू काढायचीस तेव्हा तो रेषा पडायच्या आधीच काहीतरी खायला निघालेला असायचा. तिसऱ्या पुस्तकात तर त्याने पानाची कडाच खाल्ली होती, आणि तुहामीकाका "कागद फाटका आला" म्हणून आख्खा गठ्ठा परत पाठवायला निघाले होते! किती वेळ त्यांना पटेना की ते फाटलेलं नाही, काढलेलं आहे. बोटाने कागद चाचपून पाहत होते. तू त्यांच्या समोर बसून मान खाली घालून हसत होतीस, आणि मी तुझ्याकडे पाहत होतो, आणि मबरूकामावशी आपल्या दोघांकडे पाहत बांधणीसाठी घड्या घातलेल्या पानांचे फर्मे जुळवत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "ही पोरं पुस्तक काढायला येतात की अजून कशाला?" तू लाल झालीस. म्हणजे मला तसं वाटलं. तेव्हा विचारायला हवं होतं, पण मी काकांशी कागदावरून भांडायला लागलो.

सगळं लिखाण आणि चित्रं काल छापखान्यात दिली. शेवटचं प्रकरण मला स्वतःला फार आवडलंय. सरदूना धक्क्यावर उतरते. सगळं बेट जमलेलं असतं. ती म्हणते, "मी परत जाणार नाही." मग जेवण.

तू असतीस तर हे प्रकरण तुला आवडलं नसतं. पण तू नाहीस.

शिहाब


सफाक्स, ईदचा दुसरा दिवस

उल्फा,

काल सकाळी आख्ख्या गल्लीला शरमूलाचा वास होता. रात्रभर शिजलेला कांदा, बेदाणे, तेल, आणि शेजारी तो खारवलेला मासा, ज्याच्या वासाने बाहेरगावचे पाहुणे खिडक्या उघडतात आणि आपण बंद करतो, वास बाहेर जाऊ नये म्हणून. तुझ्या आईने आमच्याकडे वाडगा पाठवला. तुझा धाकटा भाऊ घेऊन आला असेल असं वाटलं म्हणून मी बनियनवरच दार उघडलं, तर दारात तुझी आईच.

"ईद मुबारक, शिहाब. वाळलास रे."

"रोजे होते, काकू."

"रोजे सगळ्यांनाच होते," ती म्हणाली. मग हळूच, "पोरीला तिकडे कांदा इतका वेळ शिजवायला कोण देणार? वरचे लोक तक्रार करतात म्हणे."

मी म्हटलं, "मग येऊ दे की परत."

तिने वाडग्याकडे बोट केलं. म्हणाली, "वाडगा धुऊन पाठव हं." आणि गेली.

मी वाडगा उभ्याउभ्याच पुसून खाल्ला. लहानपणी ईदला तू आमच्याकडची बेदाण्यांची बाजू खायचीस आणि मी तुमच्याकडची माशाची. दोन्ही घरांत ओरडा बसायचा. आई म्हणायची, "ह्या दोघांचं एकच ताट करा आणि मोकळे व्हा." तेव्हा त्यात काही नव्हतं. नंतर आई ते म्हणायची बंद झाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता त्यात काहीतरी आहे.

विमानतळावर तू ती हिरवी बॅग ओढत होतीस, तिचं एक चाक निखळलेलं होतं, आणि तू ती उचलून छातीशी धरलीस आणि वळून पाहिलं नाहीस. हे मला कोणीतरी सांगितलं.

काका म्हणतात पुस्तक तयार आहे, बांधणीवरून गठ्ठे उतरतायत. मला फोनवरच नाचावंसं वाटलं. पुढच्या आठवड्यात एक गठ्ठा घेऊन बेटावर जातो. पोरांना शेवट आवडला की मी तुला लिहीन, आणि मग तुला कबूल करावं लागेल. आणि शेवट वाचून तुलाही... जाऊ दे. उन्हाळ्यात ये. नुसती उन्हाळ्यात ये. बाकीचं मी बघतो.

शिहाब


केरकेना, १० एप्रिल

उल्फा,

हे मी शाळेच्या पायरीवर बसून लिहितोय. आत पोरांचा धिंगाणा चालू आहे आणि मावशीने मला बाहेर काढलंय.

सकाळी पहिल्या बोटीने आलो. गठ्ठा मी वाटेत उघडला नाही. पोरांसमोरच उघडायचा, असं तुझंच होतं ना. वर्गात शिरलो तर सगळी ओरडली, "हेडमास्तरवाले दादा आले! हेडमास्तरवाले दादा!" शाळेचे खरे हेडमास्तर दाराशीच उभे होते. मी त्यांच्या दाढीकडे पाहिलं नाही.

सगळ्यांना पुस्तकं वाटली. मुखपृष्ठ झकास. मी घसा साफ केला, उघडलं, आणि वाचलं, "प्रकरण दहावे. सरदूना परत येते."

पुढची पानं चाळली. नववं. मग आठवं. सगळ्यात शेवटी पहिलं.

मी पुस्तक मिटून बाहेर पळालो आणि काकांना फोन लावला. काय बोललो ते माझ्या वयाच्या माणसाने काकांशी बोलू नये. त्यांनी मबरूकामावशीला हाक मारली आणि मग तिघं एकदम ओरडायला लागलो.

"काय झालं त्याला इतकं?" मबरूकामावशी. "प्रकरण म्हणजे एक फर्मा, एकही पान हललेलं नाही!"

"अहो पण उलटे लावलेत! पहिला शेवटी!"

"महिनाभर ती फ्रेंचची स्वाध्यायपुस्तकं जुळवतेय मी. त्यांचं डावीकडून उघडतं, आपलं अरबी उजवीकडून. हात त्याच वळणाने गेला. त्यात रोजा! रोज्यात डावं-उजवं कोणाला सुचतं? तुझ्या त्या चित्रातल्या कुत्र्याला सुचलं असतं?"

"बोकड आहे तो!"

"मग मी सुद्धा नीट जुळवलंय!"

काकांनी फोन ओढून घेतला. म्हणाले, "शिहाब, ऐक. चूक माझ्या घरची. सगळे परत आण, पाठी उसवून पुन्हा जुळवून देतो, बाजाराच्या आत. फक्त दुपारच्या बोटीआधी सांग, म्हणजे माणसं बोलावून ठेवतो."

मी म्हटलं, "जुळवा. आजच." आणि आत गेलो, पुस्तकं गोळा करायला.

आत कोणी माझी वाट पाहत बसलं नव्हतं. दहावं प्रकरण वाचून झालं होतं. ज्या प्रकरणावर मी सगळा जीव ओतला होता, जेवणासकट, ते त्यांनी सरबतासारखं पिऊन टाकलं होतं आणि एकानेही डोळे पुसले नव्हते. त्यांची भांडणं पुढची होती. दहाव्यात हेडमास्तरच्या डोक्यावर कप्तानाची टोपी आहे आणि त्याची शेपटी जळालेली आहे. का?

"टोपी चोरली त्याने!"

"चल! कप्तान मेला असणार!"

"मेला नाही, टक्कल पडलं म्हणून दिली!"

मी म्हटलं, "पुस्तकं द्या इकडे, चुकून..."

पुढच्या बाकावरची एक मुलगी, रय्यान नावाची, तिने पुस्तक पोटाशी धरलं. "नाही देणार. शेपटी कशी जळाली ते कळू दे."

मग मी काय करणार? वाचायला लागलो. नववं, आठवं. शेपटी सातव्यात जळाली तेव्हा वर्गाने बाकं बडवली, कारण ती जळणार हे त्यांना माहीत होतं आणि बिचाऱ्या हेडमास्तरला नव्हतं. आपण पाच पुस्तकं प्रकरणाच्या शेवटी कोणाला ना कोणाला लटकवत आलो, उल्फा. इथे लटकलेला माणूस आधी आणि तो झाडावर कसा चढला ते नंतर, आणि ती पोरं दुप्पट हसत होती! हयातमावशीसुद्धा तोंडाला ओढणी लावून. टोपी तिसऱ्यात मिळाली. दुसऱ्यात हेडमास्तर मागून आलेल्या होडीतल्या कांद्याच्या पोत्यातून बाहेर आला.

आणि मग पहिलं. पान उलटलं तसा जाडूचा धाकटा भाऊ उभा राहून ओरडला, "आला! आता खरा हेडमास्तर आला!"

तुझी चित्रं. इतका वेळ ती शहाण्यासारखी कुत्रा पाहून घेत होती, कोणी एका शब्दाने काही बोललं नव्हतं. आता सगळी पुस्तकावर वाकली. रय्यान बोटाने दाढीचे केस मोजायला लागली. मी वाचत होतो. सरदूना रुसते, भांडते, गाठोडं बांधते, मोठ्या जहाजाच्या शिडीवर पाय ठेवते. जहाज सुटतं. ती हात हलवते. वर्गात कोणी हसत नव्हतं. मग मागच्या कोणीतरी हात हलवला. मग सगळ्यांनी. सगळी उभी राहून पुस्तकातल्या जहाजाला हात हलवत होती आणि शेवटची ओळ वाचायची सोडून मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मावशीने माझ्या हातातून पुस्तक घेऊन ती वाचली. "आणि वारा तिच्याच बाजूचा होता." ही ओळ मी जुलैत लिहिली होती, पहिल्या प्रकरणाची म्हणून.

तू काढलेल्या त्या चित्रात बोकड धक्क्यावर आहे आणि त्याची पाठ समुद्राकडे आहे. मी म्हटलं, "बघा, बिचारा किती रागावलाय, तिच्याकडे बघतही नाहीये."

रय्यान म्हणाली, "रागावला नाहीये. तो चाललाय."

"कुठे?"

"त्याला काय कामं नसतात?"

मग त्यांचं सुरू झालं. ती कुठे गेली? अमेरिकेला. नाही, चीनला. बर्फात. तिथे तिच्याशी कोणी बोलतं का? पोहायला शिकली का? एकानेही विचारलं नाही की ती परत कधी येते. परत येणं त्यांनी सकाळीच वाचून टाकलं होतं, आणि ते कोणाच्या लक्षातही नव्हतं.

मी बाहेर येऊन काकांना फोन केला. दुपारची बोट अजून धक्क्याला होती. म्हटलं, "राहू दे तसंच."

"म्हणजे? उलटं?"

"असंच बाजारात न्या. आणि मबरूकामावशीला म्हणावं, मी ओरडलो त्याबद्दल तिच्यासाठी मासे आणतोय."

"तिला ऑक्टोपस आवडतो," काका म्हणाले. मागून मबरूकामावशी ओरडली, "मोठा!"

तर असा तुझा शेवट छापला गेला, उल्फा, मी नऊ प्रकरणं त्याच्या विरुद्ध लिहूनही. तू जिंकलीस असं म्हणणार होतो, पण तू तर तिथे काही करतही नव्हतीस, मीच एकटा भांडत होतो. हयातमावशी तुला एक प्रत पाठवतेय. कुत्र्याकडे दुर्लक्ष कर.

आता आतून आवाज येतोय. त्यांना सहावं पुस्तक हवं आहे, आजच्या आज. मी म्हटलं पाचवं शेवटचं आहे, तर रय्यान म्हणाली, "कसं शेवटचं? आत्ता तर ती निघाली." मग मी फळ्यावर "प्रकरण पहिले" लिहिलं आणि तिथेच अडकलो. सरदूना जहाजातून उतरते, ते शहर माझ्या डोळ्यांपुढे येईना. पोरं वाट पाहायला लागली, खडू मोडला, मग मावशीने मला इथे पायरीवर आणून बसवलं.

तुला मी चार पत्रं लिहिली आणि त्यांत ब्रसेल्सबद्दल एकही प्रश्न नाही. म्हणून आता नीट विचारतो, आणि चित्र नको, तारीख नको, नुसतं लिहून कळव. सकाळी तिकडे कशाचा वास येतो? वरचे लोक कोण आहेत, ज्यांना कांदा चालत नाही? त्यांच्याशी तू भांडतेस का? कोणत्या भाषेत? हसतेस कोणाबरोबर? ते मला आवडणार नाही, तरी लिही.

आणि तुझ्या खिडकीतून काय दिसतं, उल्फा?

शिहाब